श्राद्धाला चार परिच्छेद, टाइमशीटला दीड ओळ

प्रश्न, थोडक्यात : मी ३९ वर्षांचा असून हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. कॉलेजात असल्यापासून मी नास्तिक आहे. कर्मकांडांवर माझा विश्वास नाही. गेल्या वर्षी वडील गेले. आईसाठी दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचे सगळे विधी मी केले आणि प्रत्येक वेळी आपण ढोंग करीत आहोत असे वाटत राहिले. आता वर्षश्राद्ध सात आठवड्यांवर आले आहे. आई तयारीला लागली आहे आणि मला रात्री छातीत धडधडते. ऑफिसातही मनाविरुद्ध वागावे लागते (दर शुक्रवारी टीमचे टाइमशीट मंजूर करताना क्लायंटला दाखवायचे तास थोडे वाढवावे लागतात, ते सगळेच करतात). सोसायटीत, नातेवाइकांत, सगळीकडे मी मुखवटा घालून वावरतो. स्वतःशी प्रामाणिक राहून स्वतःच्या मूल्यांप्रमाणे जगायचे, म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर :

आपले मूळ पत्र बरेच मोठे आहे. वर त्याचा फक्त सारांश दिला आहे. ते मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी समासात पेन्सिलीने एक खूण केली. श्राद्धाच्या विषयाला आपण चार परिच्छेद दिले आहेत आणि टाइमशीटला कंसातली दीड ओळ. पुण्यात समुपदेशनाचे काम करताना मला आता २६ वर्षे होत आली, आणि या काळात मी एक गोष्ट शिकले आहे, ती अशी की माणूस ज्याविषयी भरभरून बोलतो तिथे त्याचे दुखणे असते हे खरे, पण जे तो कंसात टाकतो तिथे बहुधा त्याचा खरा प्रश्न असतो. म्हणून या उत्तरात मी आपला क्रम थोडा उलटा करणार आहे. मात्र त्याआधी ‘स्वतःशी प्रामाणिक’ या शब्दांचा अर्थ लावून घेणे आवश्यक आहे, कारण त्या शब्दांनी सध्या बराच गोंधळ माजवला आहे.

‘ऑथेंटिक’ या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक नेमका प्रतिशब्द नाही, आणि मला ते सोयीचेच वाटते. पुण्यात हल्ली हा शब्द मिसळीला आणि थाई जेवणाला लावला जातो, त्यामुळे माणसाला लावताना मला थोडे हसूच येते. माझ्या खोलीत येणारी माणसे मात्र जुनेच शब्द वापरतात. कुणी म्हणते ‘मनाला पटत नाही’, कुणी म्हणते ‘आतून खात राहतं’, कुणी म्हणते ‘लोकांना कळलं तर काय म्हणतील याचीच धास्ती असते’. ऐकायला ही वाक्ये एका माळेतली वाटतात, पण ती तीन वेगळ्या अवस्थांविषयी आहेत. पहिले वाक्य मूल्याविषयी आहे, दुसरे अपराधभावाविषयी आणि तिसरे प्रतिमेविषयी. आपल्या पत्रात तिन्ही आहेत आणि तिन्हींना आपण ‘मुखवटा’ हे एकच नाव दिले आहे.

टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडेल. आपण प्रत्यक्षात कसे आहोत, कसे असावे अशी आपली इच्छा आहे, आणि कसे असायला हवे असे आपल्याला बजावले गेले आहे, अशा तीन प्रतिमा माणसाच्या मनात असतात. प्रत्यक्ष आणि इच्छित यांत अंतर पडले की मन खिन्न होते; प्रत्यक्ष आणि बजावलेले यांत अंतर पडले की मन धास्तावते, असे त्याचे म्हणणे. पुढच्या संशोधनात हा फरक दर वेळी इतका स्वच्छ आढळला नाही, तरी रोजच्या कामात मला तो अजून दिशा दाखवतो. आपण ‘उदास वाटते’ असे कुठेही लिहिलेले नाही. आपण ‘धडधडते’ असे लिहिले आहे. म्हणजे आपल्याला कुणीतरी काहीतरी बजावत आहे. प्रश्न असा की कोण? वरवर पाहता आई. पण श्राद्ध ‘करच’ असे आईने म्हटल्याचे आपल्या पत्रात कुठेही नाही. ती तयारीला लागली आहे, एवढेच आहे. उलट ‘माझ्यासारख्याने हे करता कामा नये’ हे वाक्य आपण तीनदा लिहिले आहे. हे बजावणे आपल्या आतल्या नास्तिकाचे आहे.

हे ऐकून आपल्याला राग येईल, याची मला कल्पना आहे. आपण परंपरेच्या दडपणाखाली आहोत असे मानून बसलेल्या माणसाला, आपल्यावर स्वतःच्या पुरोगामी प्रतिमेचे दडपण आहे, असे सांगितलेले आवडत नाही. पण एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणांचा जो अभ्यास केला, त्यात त्यांनी हीच गोष्ट बारकाईने मांडली आहे. बाहेरून आलेला नियम माणूस अनेकदा गिळतो, पण पचवत नाही. असा गिळलेला नियम आपलाच वाटतो. फरक एवढाच की तो ‘मला करायचे आहे’ असे म्हणत नाही, ‘मी केलेच पाहिजे, नाहीतर मी कसला’ असे म्हणतो. पचलेले मूल्य शांत असते. त्यासाठी माणूस त्रास सोसतो, पण स्वतःला चाबूक मारत नाही. देवपूजा हा जसा गिळलेला नियम असू शकतो, तसाच नास्तिकपणाही असू शकतो, आणि कॉलेजच्या वयात, मित्रांच्या कट्ट्यावर स्वीकारलेल्या अनेक गोष्टी वीस वर्षांनीही तशाच पोटात पडून असतात. आपला नास्तिकपणा खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तो एकदा चावून पाहावा, एवढेच म्हणते.

आता मूल्य कशाला म्हणावे? स्टीव्हन हेज या मानसशास्त्रज्ञाने विकसित केलेल्या उपचारपद्धतीत मूल्य आणि ध्येय यांत जो भेद केला जातो, तो मी नेहमी सांगते. ध्येय हे ठिकाण आहे आणि मूल्य ही दिशा आहे. पुण्याहून पश्चिमेला निघालात तर मुळशी येईल, ताम्हिणी येईल, घाट उतरून कोकण येईल, पण ‘पश्चिमेला पोहोचलो’ असे कधी म्हणता येणार नाही. खरेपणा, माया, न्याय, कष्टाचा मान या दिशा आहेत. ‘श्राद्ध न करणे’ ही दिशा नाही, ते फार तर एक वळण आहे. ते वळण कोणत्या दिशेला नेते, हे पाहिल्याशिवाय ते आपल्या मूल्यांना धरून आहे की नाही, हे ठरवता येत नाही. शिवाय माणसाला एकच दिशा नसते. खरे बोलणे आणि आईला दुखावू नये असे वाटणे, या दोन्ही आपल्याच आहेत, आणि त्या एकमेकींना छेदतात तेव्हा जो ताण येतो त्याला ढोंग म्हणणे हा स्वतःवर अन्याय आहे.

पुण्यात बसून या विषयावर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांची आठवण टाळता येत नाही. विधवाविवाहाच्या चळवळीत पुढे असलेल्या रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, आणि हा आता एखाद्या विधवेशी लग्न करील या भीतीने वडिलांनी त्याच वर्षी त्यांचे लग्न लावून दिले. रानडे ३१ वर्षांचे होते आणि रमाबाई ११ वर्षांच्या. वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. त्यानंतरच्या टीकेला त्यांनी आयुष्यभर तोंड दिले. पुढे १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण झाले, ग्रामण्य (धर्मनियम मोडल्याबद्दल जातीबाहेर टाकण्याचा वाद) उभे राहिले, आणि सहकाऱ्यांच्या घरांवर बहिष्काराचे सावट असताना न्यायमूर्तींनी प्रायश्चित्तही घेतले. तेव्हा पुन्हा एकदा सुधारकांनीच त्यांना धारेवर धरले. याउलट धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुण्यात गोदूबाई या विधवेशी उघडपणे विवाह केला. कोकणातल्या त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले, आणि त्या बहिष्काराची झळ गावातल्या त्यांच्या आईला आणि भावालाही लागली.

शाळेत आपण ही गोष्ट अशी शिकतो की एक डगमगला आणि दुसरा ठाम राहिला. मी ती आता तशी वाचत नाही. मी विचारते की कोणत्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, आणि मोजणाऱ्याला ते ठाऊक होते का? १८७३ च्या निर्णयाची सगळ्यात मोठी किंमत एका अकरा वर्षांच्या मुलीने मोजली असती. ती कमी व्हावी म्हणून रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला लिहायला-वाचायला शिकवायला घेतले, आणि त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचे काम उभे केले. यामुळे तो विवाह योग्य ठरत नाही. पण माणूस एका ठिकाणी आपल्या मूल्याला जागला नाही तरी तीच दिशा दुसऱ्या वाटेने पुन्हा धरू शकतो, हे त्यातून दिसते. कर्व्यांचा निर्णय मला श्रेष्ठ वाटतो, यात शंका नाही, तरी त्याचाही काही भाग मुरुडच्या एका म्हाताऱ्या आईने फेडला, हे विसरून त्यांची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. इष्ट ते बोलावे आणि साध्य ते करावे, अशी भूमिका आगरकरांनी घेतली होती. आगरकरांसारख्या करारी माणसानेही बोलणे आणि करणे यांत साध्यतेला जागा ठेवली होती, हे ‘सगळे किंवा काहीच नाही’ असे म्हणणाऱ्या तरुणांना मी मुद्दाम सांगते.

तर मुखवटा नेमका कुठे असतो? डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने खरे ‘मी’ आणि खोटे ‘मी’ असा भेद केला, तो बहुतेकांना ऐकून माहीत असतो. पण खोट्या ‘मी’चे एक काम खऱ्याला जपण्याचे असते, आणि त्याचेच एक निरोगी रूप म्हणजे साधी सभ्यता, हे त्याने म्हटले होते, ते मात्र कुणी लक्षात ठेवत नाही. शेजाऱ्यांच्या मुलाच्या अतिशय सामान्य गाण्याला ‘छान म्हणतो हं’ असे म्हणणे हा मुखवटा नव्हे. माझ्या अनुभवाने मुखवटा ओळखण्याची एकच खूण सांगता येते : आपल्या वागण्याची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याला आपण ती मोजतो आहोत हे ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ती तडजोड आहे, तिच्यावर बोलता येते, ती बदलता येते. ठाऊक नसेल तर ती फसवणूक आहे, मग ती कितीही रूढ असो आणि ‘सगळेच’ करीत असोत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस जात असे. दुसरीतल्या एका मुलाला वाचनाची अडचण होती, बुद्धी उत्तम होती. शाळेला तो नको होता. माझ्या अहवालात ‘या शाळेत राहून विशेष मदत दिल्यास प्रगती होईल’ असे वाक्य होते; ते काढून ‘अधिक योग्य वातावरणाची गरज आहे’ असे घालावे, अशी सूचना चहा पिता पिता, अगदी गोडीने करण्यात आली. दोन्ही वाक्ये खोटी नव्हती, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. पालकांनी अहवाल घेतला, माझे आभार मानले आणि मुलाला दुसरीकडे घातले. त्या आभारांनी मला जेवढे खाल्ले, तेवढे कुठल्याही टीकेने खाल्ले नसते. मला त्या शाळेत कुणी ढोंगी म्हटले नाही. माझी प्रतिमा उत्तम होती. त्या वर्षी मानधनही वाढले. पुढल्या वर्षी मी ते काम सोडले, पण मुलाच्या दृष्टीने त्याचा काहीच उपयोग नव्हता, हेही इथे लिहून ठेवते. त्यानंतर मी एकच नियम पाळत आले आहे : अहवालातला बदल कुणाच्या सांगण्यावरून केला तर तो कुणाच्या सांगण्यावरून केला, हे त्याच पानावर लिहायचे. गेल्या वीस-बावीस वर्षांत असा बदल सुचवणाऱ्यांची संख्या त्यामुळे आपोआप घटली.

आता आपल्या शुक्रवाराकडे येऊ. आपल्या टीममधल्या मुलाने ३१ तास काम केले असताना ४० तास मंजूर होतात, तेव्हा फरकाच्या ९ तासांचे पैसे क्लायंट भरतो, आणि त्याला ते ठाऊक नाही. एवढेच नव्हे, त्या मुलालाही आपण काहीतरी शिकवतो. तो चोवीस वर्षांचा असेल, ही त्याची पहिली नोकरी असेल, आणि ‘असंच असतं’ हे वाक्य तो आपल्याकडून घेऊन पुढची पस्तीस वर्षे वापरील. श्राद्धाच्या वेळी आपण स्वतःला ढोंगी म्हणता. इथे तो शब्द आपल्याला सुचलासुद्धा नाही, कारण इथे आपल्या प्रतिमेला धक्का लागत नाही. ‘मी नास्तिक’ या ओळखीत टाइमशीट येत नाही. म्हणूनच ते कंसात गेले.

मी आपल्याला राजीनामा देण्याचा सल्ला देत नाही. घराचा हप्ता, मुलांची फी, आईची औषधे यांची तजवीज न करता तत्त्वासाठी नोकरी सोडणारा माणूस पुष्कळदा ती किंमत बायकोच्या खांद्यावर टाकतो आणि श्रेय स्वतःकडे ठेवतो. आधी लहान पाऊल उचला. फुगवलेले तास मंजुरीला आले की ते परत पाठवताना एक साधे, बिनविशेषणाचे वाक्य लिहा : ‘प्रत्यक्ष काम ३१ तासांचे झाले आहे, त्यामुळे तेवढेच मंजूर करीत आहे, उरलेले तास नॉन-बिलेबलमध्ये टाकावेत.’ (नॉन-बिलेबल म्हणजे क्लायंटला ज्यांचे बिल लावायचे नाही असे तास.) त्यात नीतिमत्तेवर भाष्य नको, ‘माझ्या मूल्यांमुळे’ असे शब्द नकोत, इतरांविषयी काही नको. तोंडी नको, मेलवरच हवे, कारण तोंडी सूचना देणारा माणूस तीच सूचना लेखी देताना थबकतो, असा माझा आणि माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे. वरिष्ठांनी बोलावून विचारले तर ‘आकडा चुकीचा असेल तर माझ्या सहीने जायला नको’ एवढेच सांगा. यावर काय होईल, हे मी सांगू शकत नाही. अनेकदा काहीच होत नाही. कधी पुढचे प्रमोशन अडते. ते अडण्याची शक्यता गृहीत धरून, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का, हे पत्नीबरोबर बसून, आकडे मांडून पाहा. किंमत तिलाही मोजावी लागणार आहे, तेव्हा तिला ते आधी ठाऊक असले पाहिजे. कंपनीत तक्रारीची गोपनीय व्यवस्था असेल तर ती वापरण्याचा निर्णय त्यानंतरचा आहे, आणि तो घाईने घेण्याचा नाही.

श्राद्धाविषयी. आपल्या पत्रातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटला. दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. मामांनी काहीतरी बोलून पाहिले, काकांनी पाहिले. मग आईने आपल्याकडे पाहिले, आणि आपण पुढे होऊन, हात जोडून म्हणालात, ‘बाबा, आईला एकटं टाकणार नाही.’ कावळा पिंडाला शिवला की नाही, हे आपण लिहिलेले नाही, आणि ते मला आवडले. मला एवढेच विचारायचे आहे : त्या क्षणी आपण ढोंग करीत होता का? कावळ्याच्या रूपाने वडील ऐकत आहेत, यावर आपला विश्वास नव्हता. पण ते वाक्य खरे होते, आणि ते ज्या माणसाला ऐकायचे होते ते तिथेच, आपल्या मागे दोन पावलांवर उभे होते. हातात दर्भाचे पवित्रक आणि मनात अविश्वास असतानाही माणूस खरे बोलू शकतो. विधी हा पुष्कळदा एरवी तोंडातून न निघणाऱ्या वाक्यांना वाट करून देण्याचा मार्ग असतो. हे नास्तिकालाही मान्य करता येईल.

तेव्हा वर्षश्राद्धाला बसायचे की नाही, हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की आईला आपले मत ठाऊक आहे का? आपण लिहिता, ‘तिला अंदाज असेल.’ अंदाज पुरेसा नाही. सणवार किंवा पाहुणे नसतील अशा एखाद्या संध्याकाळी, शक्यतो ती भाजी निवडत असताना (समोरासमोर बसवून सांगितलेल्या गोष्टी आपल्या घरांमध्ये फार जड होतात), तिला सांगा : ‘आई, माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला ठाऊक असलेलं मला हवंय. तरी तुझ्यासाठी मी बसेन.’ किंवा, ‘बसणं मला जमणार नाही, पण त्या दिवशी सगळी तयारी मी करीन आणि दिवसभर तुझ्याजवळ असेन.’ यांतले कोणते वाक्य बोलायचे ते आपण ठरवा. मी ठरवणार नाही. दोन्ही वाक्यांत मुखवटा नाही, कारण किंमत मोजणाऱ्याला ती ठाऊक आहे. फक्त एक पथ्य पाळा. श्राद्ध का चुकीचे आहे, याचे निरूपण त्या संध्याकाळी करू नका. नवरा जाऊन वर्ष न झालेल्या बाईला वाद जिंकून दाखवण्यात कोणतेही मूल्य जपले जात नाही.

आणि आईचे म्हणणेही विचारा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत असे निघाले आहे की आई मुलासाठी म्हणून करीत होती आणि मुलगा आईसाठी म्हणून बसत होता, आणि दोघांपैकी कुणालाच गुरुजींचा खर्च आणि पंचवीस पाने नको होती. एका घरात आईच म्हणाली, ‘मला वाटलं तुला नंतर चुकचुकेल.’ त्यांनी त्या वर्षी वडिलांच्या शाळेतल्या दोन मुलांची फी भरली आणि दुपारी वडिलांच्या आवडीचे मुगाचे बिरडे करून जेवले. सगळ्या घरांत असे होत नाही. आपल्या आईला विधी मनापासून हवाही असेल, आणि तो तिचा हक्क आहे.

उरलेल्या ठिकाणांसाठी, म्हणजे सोसायटी, नातेवाईक, व्हॉट्सअॅपवरचे गट, मी एक वही सुचवते. साधी, शंभर पानी. दोन आठवडे, रोज रात्री, मनात ‘नाही’ असताना ‘हो’ म्हटलेला दिवसातला एकच प्रसंग लिहायचा. काय म्हणालो, काय म्हणायचे होते, भीती कशाची होती, आणि शेवटी किंमत कोणी मोजली. निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी अशी वही ठेवली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून, त्यांच्या परवानगीने त्यातली एक नोंद देते : ‘सोमवार. जाऊबाईंनी विचारलं, दिवाळीत पंधरा जणांचं तुमच्याकडेच ना? म्हटलं, हो हो, करू की. म्हणायचं होतं, यंदा जमणार नाही. भीती : आता हिच्यानं होत नाही म्हणतील. किंमत : गुडघे माझे. चिडचिड सुनेवर.’ शेवटचे दोन शब्द लिहून झाल्यावर त्या बराच वेळ पेन हातात धरून बसल्या होत्या, असे त्यांनी मला सांगितले. आपला चांगुलपणा कोणाच्या पैशाने चालला आहे, हे त्यांना तोवर दिसले नव्हते. त्या वर्षी दिवाळी जाऊबाईंकडे झाली, आणि कुणी काही म्हटल्याचे त्यांच्या कानावर आले नाही.

वहीत बहुतेक प्रसंग किरकोळ निघतील. ते सोडून द्या. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी देताना प्रत्येक वेळी आपले तत्त्वज्ञान सांगण्याची गरज नाही. आणि याच्या उलटच्या टोकालाही जाऊ नका. आपल्या शहरात ‘मी बाबा तोंडावर बोलतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांची वाण नाही. ते ज्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात, त्यात बोलणाऱ्याला मोकळे वाटते आणि ऐकणारा रात्रभर कूस बदलत राहतो. म्हणजे किंमत पुन्हा दुसऱ्याचीच.

राहिली छातीतली धडधड. ती आठवड्यातून चार-पाच रात्री होत असेल, झोप मोडत असेल, तर आधी फॅमिली डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. थायरॉइड, रक्तदाब आणि चहा-कॉफीचे प्रमाण यांचा दोष मूल्यांच्या माथी मारू नये. तपासण्या ठीक असतील आणि तरी त्रास होत असेल तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. वडील जाऊन वर्षही झालेले नाही, हे आपण पत्रात फक्त हिशेबासारखे लिहिले आहे. ती धडधड सगळीच ढोंगाच्या भीतीची नसेल. तिच्यात वडिलांची आठवणही असू शकेल, आणि तिच्यासाठी काही ठरवावे लागत नाही, तिला फक्त वेळ द्यावा लागतो.

वही आजच आणा. आईशी बोलायला अजून काही संध्याकाळी हातात आहेत. टाइमशीट मात्र या शुक्रवारी येईल.